प्रश्नोत्तरे : रायफल मापाला बसवताना

प्रश्न : माझी पोरगी अकरावीला आहे, परभणीत 10 मीटर एअर रायफल खेळायलीय. रायफल क्लबची, चार-पाच लेकरं तीच वापरतात. सुरुवातीचे शॉट चांगले पडतात पण अर्ध्यानंतर खाली जायलेत आणि घरी आली की मान दुखते म्हणते. व्यायाम कमी पडतोय का?

उत्तर : दादा, व्यायाम करू द्या, पण आधी रायफल बघा, ती बहुतेक तिच्याआधीच्या उंच पोराच्या मापाला लावलेली असणार. मॅचला 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे, रायफल साडेपाच किलोपर्यंत भरू शकते आणि टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, एवढा वेळ मान वाकवून उभं राहिलं तर कुणाचीही मान अवघडणारच.

रायफल रिकामी आहे याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) लावा आणि तिला आधी नुसतं उभं करा. उजव्या हाताची असेल तर डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे, वजन हाडांनी पेलायचं, दंडाने नाही. शॉट खाली जायचं एक कारण हेच असतं, दमल्यावर कोपर हाडावरून सरकतं. आता डोकं सरळ ठेवून रायफल वर चेहऱ्यापाशी आणायची, चेहरा रायफलीकडे न्यायचा नाही, हे मी कितीदा सांगितलं तरी कमीच! रायफल खाली राहत असेल तर बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) खाली सरकवा म्हणजे रायफल खांद्यावर वर बसते, मग पुढच्या हाताचा आधारही तेवढाच उंच करावा लागतो. चीक पीस (गाल टेकवायचा भाग) सगळ्यात शेवटी, गाल सैल टेकवला की डोळा आपोआप मागच्या साईटच्या (नेम धरायच्या भोकाच्या) मधोमध यायला पाहिजे, गाल दाबून किंवा ताणून आणावा लागला तर उंची चुकलीय. स्टॉक (रायफलीचा मागचा दांडा) लांब वाटला तर बट प्लेट आत घ्या.

मग नेम धरून डोळे मिटायला सांगा, दोन-तीन श्वास घेऊन उघडायला सांगा. रायफल टार्गेटच्या डावीकडे-उजवीकडे गेलेली दिसली तर हाताने ओढायची नाही, पाय थोडे फिरवायचे.

एका दिवशी एकच बदल करा, दोन सोबत केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि रायफल सगळ्यांची आहे म्हणून बट प्लेट, चीक पीसवरचे आकडे तिने वहीत लिहून ठेवावेत, आकडे नसतील तर पट्टीने मोजून, आणि प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं लवकर जाऊन आपलं माप लावून घ्यावं, कोच नाही म्हणणार नाहीत.