नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, मग मुंबईतलं जुनं बंद होणार का? आता एकूण विमानतळ किती?

बंद होणार नाही. ठासून सांगते, कारण याच आशेवर आमच्या बिल्डिंगची नऊ वर्षं फुकट गेली.

कुर्ला पश्चिमेला आमची तळ अधिक तीनची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, नेमकी फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखाली, विमान उतरताना फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं. उंचीवर बंधन म्हणून बिल्डर फिरकत नाहीत. 2016 ला एक आला होता, सात मजले बांधतो म्हणाला, जागाही थोडी वाढवून देत होता. मी म्हटलं सह्या करून टाकू, तर दादा भर मीटिंगमध्ये उभा राहिला, की पनवेलचं, म्हणजे नवी मुंबईचं विमानतळ झालं की इथलं जाणारच, मग वीस मजले उठतील, घाई कशाला. सगळे त्याच्या बाजूने. फेब्रुवारी 2018 ला तिकडे भूमिपूजन झालं तेव्हा मुद्दाम फोन करून म्हणाला, बघ. तीन वर्षांनी आमच्या स्वयंपाकघरातला स्लॅब पडला. आई नुकतीच बाहेर येऊन बसली होती म्हणून वाचली. तेव्हापासून ओट्याशेजारी लोखंडी टेकू आहेत.

25 डिसेंबर 2025 ला तिकडून विमानं उडायला लागली आणि आमच्या डोक्यावरची आहेत तशीच आहेत. साधा हिशोब आहे, इथून वर्षाला 5 कोटींच्या वर माणसं ये-जा करतात आणि तिकडच्या पहिल्या टप्प्याची क्षमता 2 कोटी. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, म्हणून तर दुसरं विमानतळ लागलं. जुनं हलवायला नाही, त्याच्यावरचा भार वाटून घ्यायला.

बाकी जुहूचंही आहे, 1928 पासूनचं, आता मुख्यतः हेलिकॉप्टरसाठी. ते धरलं तर एकूण तीन. पालघरकडे वाढवणला आणखी एका मोठ्या विमानतळाचं बोलणं चालू आहे.

दादा म्हणतो पुढे तिकडची क्षमता 9 कोटी होईल. होईलही, पण तोवर आईने गुडघे धरून तीन जिने चढायचे का?

तुमची बिल्डिंग फनेलमध्ये असेल तर आधी उंचीची एनओसी किती मिळते ते आर्किटेक्टकडून काढून घ्या. उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, त्यामुळे प्लॉट चढावर असेल तर मजले आणखी कमी होतात. जेवढे मिळतील तेवढ्यावर सह्या करा. आमच्याकडे पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे आणि या वेळी मी आईचं मत दादाच्या हातात देणार नाही.