निसर्गोपचाराची मूळ तत्त्वं काय आहेत, तो खरंच ‘आपली पाच हजार वर्षांची विद्या’ आहे का?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीत राहणाऱ्या तुमच्या 62 वर्षांच्या वडिलांना मधुमेह आणि बीपी आहे. सोसायटीतल्या एका काकांनी त्यांना दहा दिवसांच्या निसर्गोपचार शिबिराला जायचा आग्रह धरलाय, आणि ‘ही पाच हजार वर्षांची विद्या आहे, गोळ्या सुटतील’ असंही सांगितलंय. माझं गिरगावात औषधांचं दुकान आहे. गोळ्या विकणारा माणूस गोळ्यांच्याच बाजूने बोलणार, असं तुम्हाला वाटू शकतं. ते धरूनच वाचा.

पाच हजार वर्षांचं आधी निकालात काढू. उपवास आपला, पंचमहाभूतं आपली, आयुर्वेदात लंघन आहे, सगळं कबूल. पण शिबिरात वडिलांना जे करायला लावतील, म्हणजे टबात कंबरेपर्यंत बसून कटिस्नान, ओल्या चादरीची लपेट, पोटावर मातीपट्टी, या सगळ्याची घडी बसली ती एकोणिसाव्या शतकात, जर्मन बोलणाऱ्या मुलखात.

सुरुवात एका शेतकऱ्याच्या पोरापासून होते. व्हिन्सेंट्स प्रीसनिट्स, जन्म 1799, गाव ग्रेफेनबर्ग, आजच्या चेक प्रजासत्ताकात. तरुणपणी गाडीच्या अपघातात त्याच्या बरगड्या मोडल्या, डॉक्टरांनी आशा सोडली, आणि त्याने थंड पाण्याच्या पट्ट्या बांधून स्वतःला बरं केलं. पुढे त्याच गावात त्याने जलोपचाराचं केंद्र काढलं आणि युरोपभरातून श्रीमंत मंडळी तिथे गार पाण्यात कुडकुडायला येऊ लागली.

ती का आली हे कळायला त्या वेळचं वैद्यक बघावं लागतं. प्रीसनिट्स जन्मला त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन वारले. घशाच्या दुखण्यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी त्यांचं रक्त काढलं होतं, तेही एकाच दिवसात पुन्हा पुन्हा. रक्त काढणं, पाऱ्याची औषधं देणं, उलट्या-जुलाब करवणं हे तेव्हाचं शिष्टसंमत वैद्यक. अशा काळात ‘पाणी, हवा, साधं जेवण आणि विश्रांती’ देणाऱ्याकडे जास्त लोक जगत असतील तर नवल नाही, कारण तो निदान मारत तरी नव्हता. निसर्गोपचाराचा औषधांवरचा राग इथून आलाय आणि तेव्हा तो रास्त होता. पुढे औषधं बदलली, राग तसाच राहिला.

प्रीसनिट्सनंतर बव्हेरियातला पाद्री सेबास्टियन क्नाइप आला. विद्यार्थिदशेत त्याला क्षय झाला होता, तेव्हा एक जुनं पुस्तक वाचून ऐन थंडीत त्याने डॅन्यूब नदीत डुबक्या मारल्या आणि तो बरा झाला. सकाळी दवाने ओल्या गवतावर अनवाणी चालायचा सल्ला त्याचाच. शिवाजी पार्कात पहाटे चपला हातात घेऊन फिरणारे आजोबा दिसतात, त्यातल्या किती जणांना माहीत असेल की आपण एका कॅथलिक पाद्र्याचं ऐकतोय? लाइपझिगचा लुई कूने हा मुळात सुतारकाम करणारा. कटिस्नान लोकप्रिय केलं त्याने. अडोल्फ युस्टने मातीवर भर दिला. आणि क्नाइपच्या उपचारांनी बरा झालेला बेनेडिक्ट लुस्ट हे सगळं अमेरिकेला घेऊन गेला. ‘नॅचरोपॅथी’ हे नाव 1895 मध्ये जॉन शील नावाच्या माणसाने योजलं होतं, ते लुस्टने त्याच्याकडून चक्क विकत घेतलं.

आता तत्त्वं. शरीरात स्वतःला बरं करायची शक्ती आहे, वैद्याने तिच्या आड येऊ नये. लक्षण दाबू नका, कारण शोधा. अपाय करू नका. नुसतं दुखणारं इंद्रिय बघू नका, अख्खा माणूस बघा. वैद्याने रोग्याला जगायचं कसं ते शिकवावं, आणि आजार होण्याआधीच अडवावा. यातलं एकही वाक्य मला खटकत नाही. आमच्याकडे सर्दीसाठी अँटिबायोटिक मागायला येणाऱ्यांनी तर यातलं पहिलं वाक्य पाठच करावं.

खटकतं ते कूनेपासून आलेलं तत्त्व, आणि भारतातल्या निसर्गोपचाराचा तोच पाया आहे: सगळे रोग एक, कारण एक, उपचारही एक. शरीरात विजातीय द्रव्य, म्हणजे शरीराला नको असलेला कचरा, साठतं, तेच रोग होऊन बाहेर येतं, ते काढून टाका. जंतू हे मूळ कारण नाहीच म्हणे. जर्मन शास्त्रज्ञ कॉखने 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, आणि कूनेने त्याच्या पुढच्याच वर्षी आपलं केंद्र उघडलं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. तेव्हा वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली. त्या प्लेगला कटिस्नानाने उतार पडला नसता. सगळ्या रोगांचं कारण एक असतं, तर त्या लसीचं प्लेगखेरीज कशावरही काम न करणं समजावून सांगता आलं नसतं.

याच तत्त्वाचं एक पिल्लू जास्त घातक आहे. तीव्र आजार हा शत्रू नसून मित्र आहे, उपचारात त्रास वाढला तर विष बाहेर पडतंय असं समजा. याला ‘हीलिंग क्रायसिस’ म्हणतात. म्हणजे बरं वाटलं तर उपचार लागू पडला, आणि चक्कर येऊन पडलात तरी लागूच पडला! या हिशोबात उपचार कधी चुकूच शकत नाही.

भारतात कूनेची पुस्तकं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भाषांतरांतून आली, पण घराघरांत पोचवलं ते गांधीजींनी. त्यातला एक प्रसंग आमच्या गिरगावातला आहे. 1902 मध्ये गांधीजी मुंबईत वकिली करायला येऊन इथे राहिले होते. मुलगा मणिलाल दहाएक वर्षांचा. त्याला टायफॉइड झाला, सोबत न्यूमोनिया, रात्री वातात बरळणं. पारशी डॉक्टर म्हणाले, औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधीजींनी नकार दिला. कूनेच्या पद्धतीने तीन-तीन मिनिटांचं कटिस्नान, पाणी घातलेला संत्र्याचा रस, आणि ताप 104 वर गेला तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळून वर घोंगड्या. मुलाला तसं ठेवून ते चौपाटीवर फेऱ्या मारायला गेले, रामनाम घेत. परत आले तेव्हा घाम फुटला होता. पूर्ण ताप जायला चाळीस दिवस लागले.

ही गोष्ट शिबिरांत नेहमी सांगतात, पण तिचे दोन तुकडे गाळून. एक म्हणजे, गांधीजींनी त्या डॉक्टरांना अधूनमधून येऊन नाडी, छाती वगैरे तपासत राहायची विनंती केली होती आणि डॉक्टरांनी ती मान्य केली होती. दुसरं म्हणजे, मुलगा देवाच्या कृपेने बरा झाला, पाण्याने झाला की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असं त्यांनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये स्वतःच लिहिलंय. मी यात एक जोडतो. टायफॉइडवर चालणारं अँटिबायोटिक 1940 च्या दशकाच्या अखेरीस आलं. 1902 मध्ये नाकारण्यासारखं औषधच नव्हतं. आज आहे. आणि हेच गांधीजी 1924 मध्ये अपेंडिक्स दुखावल्यावर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या टेबलावर झोपले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली, कंदिलावर ती पुरी झाली.

पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं. 18 नोव्हेंबर 1945 ला तिथे गांधीजींच्या सहीने ट्रस्ट झाला, म्हणून 2018 पासून ती तारीख निसर्गोपचार दिन म्हणून पाळतात. पण गरीब माणूस शहरातल्या केंद्रात येणार नाही हे गांधीजींच्या ध्यानात आलं, आणि मार्च 1946 मध्ये त्यांनी उरुळीकांचनला आश्रम सुरू केला. तो पुढे मणिभाई देसाईंनी चालवला.

आता वडिलांचं. शिबिराने त्यांची साखर उतरेल, यात मला शंका नाही. दहा दिवस भात-चपाती मोजून, संध्याकाळचं फरसाण बंद, चालणं आणि झोप वेळेवर, मग उतरणारच. त्याला विजातीय द्रव्याची गरज नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत रोज साधारण 850 कॅलरी देऊन वजन उतरवलं, तेव्हा वर्षाअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. मात्र त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिन घेणारे त्यात नव्हते, आणि गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या.

म्हणून जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू ठेवून रसाहारावर राहिलं तर साखर धोक्याइतकी खाली जाते. नावात ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली मधुमेहाची गोळी चालू असेल तर उपवासात रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि साखर फार चढलेली नसल्याने ते लवकर कळत नाही. बीपीसाठी लघवीची गोळी असेल आणि वर एनिमा नि उपवास, तर पाणी आणि सोडियम दोन्ही उतरतात. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर गरम पादस्नान नकोच, भाजलेलं कळत नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला निर्देशक) वाढलेलं असेल तर नारळपाणी आणि भाज्यांचे रस विचारूनच. आणि दुधीचा रस कडू लागला की थुंकून टाकायचा, त्यातल्या विषाने माणसं दगावली आहेत.

तिथला डॉक्टर बीएनवायएस आहे का ते विचारा, ती निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी आहे. भारतीय वैद्यकपद्धतींसाठी 2020 मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात निसर्गोपचार घेतलेला नाही, त्यामुळे चार महिन्यांचा कोर्स केलेलेही पाटी लावून बसतात. रात्री डॉक्टर हजर असतो का, ग्लुकोमीटर आहे का, जवळचं रुग्णालय किती लांब, हेही फोनवरच विचारा. आणि शेवटच्या दिवशीची उपाशीपोटीची साखर दाखवून कुणी ‘गोळ्या बंद’ म्हणालं तर होकार देऊ नका. घरच्या जेवणावर तीन महिने जाऊ द्या, मग एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची असेल तर ते करतील.