भावाचं अपेंडिक्स फुटून अचानक ऑपरेशन झालं, आता घरी आणलंय. पुढे काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पोट उघडून ऑपरेशन झालंय, काल सुट्टी मिळाली, घरात तुम्ही आणि आई दोघीच आहात आणि भाऊ आत्ताच "सोमवारी कामावर जातो" म्हणतोय. मी डॉक्टर नाही. पण माझंही अपेंडिक्स असंच फुटलं होतं, तेही ऐन मे महिन्यात, आणि नागपुरात धंतोलीच्या हॉस्पिटलातून मानेवाड्याला घरी आल्यावर जे जे झालं ते चांगलं आठवतंय.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला माणूस रजा टाकून, घर लावून जातो. इथे घर तसंच असतं, जसं पोटात कळ आली तेव्हा सोडलं होतं. म्हणून आधी घर बघा. खाली गादी घातली असेल तर पेशंटला पलंगावर न्या. जमिनीवरून उठताना सगळा जोर पोटावर येतो. उठायचं ते सरळ नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातांनी रेटा देत बसायचं. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची, म्हणून एक छोटी उशी कायम हाताशी ठेवा. लेंग्याची नाडी किंवा बर्मुडाचा इलॅस्टिक बऱ्याचदा टाक्यांवरच येतो. लुंगी द्या, प्रश्न मिटला.

आता कूलर. नागपुरात उन्हाळ्यात ऑपरेशन झालेल्या पुरुषाचा खरा शत्रू कूलरची बादली आहे. दुपारी पाणी संपतं, पंपाचा आवाज बदलतो, घरात बायका कामात असतात आणि हा "मीच भरतो" म्हणून उठतो. भरलेली बादली म्हणजे पंधरा किलोच्या आसपास वजन. बाहेरचे टाके दहा-पंधरा दिवसांत निघतात, पण आत पोटाची भिंत जुळायला कित्येक आठवडे लागतात, आणि त्याआधी जोर पडला तर हर्निया होऊ शकतो. साधारण सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलू नये, असं मला सांगितलं होतं. सिलिंडर, पाण्याचा कॅन, गाडी डबल स्टँडवर घेणं, सगळं त्यातच आलं. कूलरला नळाचा पाइप लावून टाका. आणि घामानं ड्रेसिंगची पट्टी सुटते, ओली झाली की तशीच ठेवू नका, बदलून घ्या. आंघोळ कधीपासून ते त्याच्या सर्जनलाच विचारा. तोवर ओल्या टॉवेलनं अंग पुसा.

उचलू नये म्हणजे लोळून राहावं असं नाही. उलट पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालवा. चालण्यानं आतडी कामाला लागतात, गॅस सुटतो, पायात रक्ताची गाठ व्हायची भीती कमी होते. एकदाच दमेपर्यंत नको, तासा-दोन तासानं थोडं थोडं.

जेवणाबद्दल तुम्हाला भेटायला येणारी प्रत्येक व्यक्ती सल्ला देईल. आमच्या मावशीनं दारातूनच फर्मान काढलं, "भात नोको देऊ बाप्पा त्याले, टाके पिकतात." मी तपासणीला गेलो तेव्हा सर्जनला विचारलं, तर ते म्हणाले, भातानं टाके पिकत असते तर रोज भात खाणारं अख्खं भंडारा-गोंदिया पिकलं असतं. टाके पिकतात ते जंतूंमुळे. वांगं, बटाटा, आंबट यांचा त्यात काही दोष नाही. जखम भरायला प्रोटीन लागतं, म्हणून घट्ट वरण-भात, मुगाची खिचडी, दही, अंडी बिनधास्त द्या. डायबिटीस असेल तर मात्र साखर सांभाळा, ती वाढली की जखम चिघळते. तर्री पोहे आणि सावजी रस्सा असलं झणझणीत थोडे दिवस थांबू द्या. टाक्यांना त्याचा काही त्रास नाही, पण अँटिबायोटिकनं आधीच पोट बिघडलेलं असतं.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे संडास. दुखण्याच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ट्रॅमाडॉलनं, पोट साफ होत नाही. त्यात कमी खाणं, कमी हालचाल आणि नागपूरचं ऊन. कुंथायला लागलं की टाक्यांवर जो ताण येतो तो भावाला विचारा. पाणी, ताक, पन्हं सारखं चालू ठेवा. इसबगोल द्यायचं तर डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाण्यासोबत. कमी पाण्यात ते उलट अडकतं. गोळ्या बंद करून दुखणं सहन करणं हा उपाय नाही, दुखत असलं की माणूस चालतही नाही आणि खोल श्वासही घेत नाही.

अपेंडिक्स फुटलेलं होतं, म्हणून एक गोष्ट जास्त लक्षात ठेवा. वरची जखम छान सुकली तरी आत पू साचू शकतो, आणि ते कधी कधी आठवड्यानं, दहा दिवसांनी कळतं. 101 च्या वर ताप, थंडी वाजणं, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, पोट फुगून उलट्या होणं, जखमेतून पू येणं, यापैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजली तर त्याच दिवशी दाखवा, आणि अचानक दम लागला तर तडक इमर्जन्सीत न्या. अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं तरी पूर्ण करायचा.

सोमवार विसरा. बसून काम असेल तरी तीन-चार आठवडे धरा, अंगमेहनतीचं असेल तर आणखी. मला घरी आल्यावर काही दिवस बरंच हुशार वाटलं आणि मग एका दुपारी नुसत्या दाढीनं घाम फुटला, चिडचिड झाली, झोप उडाली. भावालाही असं होईल तेव्हा घाबरू नका, आणि भेटायला येणाऱ्यांना दुपारी येऊ नका असं स्पष्ट सांगा. वाईटपणा तुम्ही घ्या, आईवर टाकू नका. दुचाकी तर करकचून ब्रेक मारता येईल इतकं पोट सुधारल्यावरच. तोवर ऑटोनं जाताना स्पीड ब्रेकरच्या आधी उशी पोटाशी.

आणि हो, काढलेलं अपेंडिक्स सहसा तपासणीला पाठवतात. तो बायोप्सीचा रिपोर्ट सुट्टीच्या वेळी तयार नसतो आणि नंतर आणायचा राहून जातो. टाके काढायला जाल तेव्हा मागून घ्या. इन्शुरन्स असेल तर घरी आल्यानंतरच्या औषधांची आणि ड्रेसिंगची बिलंही जपून ठेवा, बऱ्याच पॉलिसींमध्ये ते पैसे परत मिळतात.