शेणातून काय बाहेर जातंय, तेही बघा

तुमचा गोठा नवा आहे, म्हणून आधीच सांगतो. जनावराला दिलेलं टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक (जिवाणू मारणारं औषध) सगळं अंगात जिरत नाही. बराचसा भाग शेण-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. सोबत औषधाला न जुमानणारे जिवाणूही. हे जिवाणू औषधाला न जुमानण्याची आपली जनुकं, जी प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांवर असतात, मातीतल्या दुसऱ्याच जातीच्या जिवाणूंना देऊन टाकतात, आणि मला खरी धास्ती याचीच वाटते. उदाहरणार्थ, कोलिस्टिन या अँटिबायोटिकला जिवाणूंनी दाद देऊ नये असं करणारं एमसीआर-१ जनुक २०१५ साली चीनमध्ये डुकरांत सापडलं, तसंच रुग्णांतही. म्हणून ओलं शेण थेट शेतात नको. ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापू द्या, अधूनमधून वरखाली करा. तरी सगळी जनुकं नष्ट होत नाहीतच. अँटिबायोटिक चालू असलेल्या गाईचं दूध वासरांना अजिबात पाजू नका. आणि पशुवैद्याला विचारल्याशिवाय सुई टोचू नका.