परागण, परागीभवन आणि फलन

'परागण', 'परागीभवन' आणि 'परागसिंचन' यांत फरक आहे का, आणि 'मधमाश्या फुलांचे फलन करतात' हे वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे.

तिन्ही शब्द एकाच क्रियेचे आहेत: परागकोशातले (फुलाच्या नरभागातल्या पिशवीतले) परागकण कुक्षीवर (स्त्रीभागाच्या टोकावर) पोहोचणे. 'परागीभवन' पाठ्यपुस्तकांमुळे चांगलाच रुळला आहे, त्याला चूक म्हणवत नाही. पण त्याची घडण पाहा. जे बाष्प नव्हते ते बाष्प होणे म्हणजे बाष्पीभवन. जे घन नव्हते ते घन होणे म्हणजे घनीभवन. त्या न्यायाने परागीभवन म्हणजे पराग नव्हते ते पराग होणे! इथे तर तयार पराग नुसती जागा बदलतात. म्हणून मला 'परागण' पसंत आहे. 'स्वपरागण', 'परपरागण' हे जोडशब्दही त्यातून सहज होतात. 'परागसिंचन'मध्ये शिंपण्याचा अर्थ डोकावतो, एवढेच.

'फलन' मात्र वेगळे, आणि ही गल्लत टाळायलाच हवी. मक्याचे पाहू. कणसाच्या टोकाशी लोंबणारा प्रत्येक रेशमी केस आतल्या एकेका बीजांडाशी (ज्याचे पुढे बी होते त्या भागाशी) जोडलेला असतो. वरच्या तुऱ्यातला परागकण वाऱ्याने त्या केसावर, म्हणजे मक्याच्या कुक्षीवर, पडला, की परागण झाले. मग त्या कणातून परागनलिका फुटते आणि केसाच्या आतून खाली उतरू लागते. केस वीतभर लांब असला, तर तिला वीतभर वाट कापावी लागते. त्यात सुमारे एक दिवस जातो. नलिकेतले नरयुग्मक (नराची प्रजननपेशी) बीजांडातल्या अंडपेशीला मिळते, ते फलन. ज्या केसाला पराग मिळालेच नाहीत, त्याच्या जागी दाणा भरत नाही. कणीस सोलल्यावर मध्येमध्ये दिसणाऱ्या रिकाम्या जागा बरेचदा त्यामुळेच असतात.

सफरचंदाच्या बहुतेक जातींत तर त्याच जातीचे पराग कुक्षीवर पडले, तरी त्यांची नलिका वाटेतच थांबते. तिथे 'परागण झाले, पण फलन झाले नाही' असेच म्हणावे लागते.

तेव्हा मधमाश्यांचे वाक्य 'मधमाश्यांमुळे फुलांचे परागण होते' असे करावे. 'करतात' म्हटले तरी चालेल. पण माशी येते ती मकरंद आणि पराग न्यायला, म्हणून मला 'मुळे' अधिक नेमके वाटते.

'फळधारणा' हाही फलनाचा पर्याय नव्हे. लागवडीच्या केळीला फलनावाचूनच फळ धरते, म्हणून त्यात बी नसते.