खुब्याचा सांधा बदलला, आता निखळणार तर नाही ना?

सांधेरोपणावर लिहायला लागल्यापासून सर्वाधिक पत्रं याच भीतीची येतात. आज त्यातली काही.

प्रश्न : सिरॅमिकचा महागडा सांधा निखळत नाही, असं ऐकलं. खरं का? (सांगली)

नाही. सिरॅमिकचा गुण कमी झिजण्याचा. निखळणं म्हणजे मांडीच्या हाडावरचा बॉल ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीतून सुटणं. त्या दृष्टीने बॉलचा आकार, वाटी कोणत्या कोनात बसवली आणि आजूबाजूचे स्नायू किती धड आहेत, हे बघायचं. ‘आयुष्यभराची गॅरंटी’ असं पॅकेज कुणी विकत असेल, तर गॅरंटी कशाची, ते लेखी मागा.

प्रश्न : मांडी कधी घालू? (नगर)

सर्जननी परवानगी दिल्यावर. छेद मागून घेतलाय की पुढून, यावर ते ठरतं.

प्रश्न : आई 68 वर्षांची. पुढच्या महिन्यात खुबा बदलायचाय. 4 वर्षांपूर्वी कमरेत स्क्रू घातलेत. हॉस्पिटलमध्ये त्याबद्दल कुणी विचारलं नाही. सांगायला हवं का? (ठाणे)

आजच सांगा! आपण खाली बसतो तेव्हा कमरेचा कणा वाकतो, ओटीपोटाची हाडं मागे कलतात आणि खुब्याची वाटी पुढून उघडते. मांडीला वर यायला जागा मिळते ती त्यामुळे. स्क्रू घालून कणा जखडला की हे कलणं थांबतं. मग मांडीच्या हाडाची मान वाटीच्या पुढच्या कडेवर टेकते आणि तरफेसारखा बॉल मागून बाहेर पडतो. माझ्याकडे आलेल्या एक आजी पाटावर बसून खाली पडलेली जेवणाची वाटी उचलायला वाकल्या आणि सांधा निखळला. खुब्याची फाइल पिशवीत होती, मणक्याची घरी कपाटात. ‘तो आजार वेगळा म्हणून सांगितलं नाही’, असं मुलगा म्हणाला.

आधी कळलं तर उभ्याने आणि बसवून बाजूचे एक्स-रे काढून वाटीचा कोन ठरवता येतो. गरज पडल्यास बॉलच्या आत बॉल असलेली ‘ड्युअल मोबिलिटी’ वाटी वापरता येते. ती 1970च्या दशकात फ्रान्समध्ये निघाली, काल-परवाचं फॅड नव्हे. कंपवात, विसरभोळेपणा, दारू, त्याच खुब्यावर आधी झालेलं ऑपरेशन हेही लपवू नका. सगळ्या जुन्या फाइली घेऊन सर्जनना भेटा.

प्रश्न : वडिलांचं ऑपरेशन होऊन 5 आठवडे झाले. सोफ्यावरून उठताना ‘टक्’ झालं. पाय आखूड दिसतो, आत वळलाय. शेजारी हाडवैद्याकडे न्या म्हणतात. (सातारा)

यांना मी छापण्याची वाट न पाहता लगेच कळवलं, हे बाकीच्यांसाठी. अशा वेळी मालिश नको, ओढाओढ नको, सकाळची वाट पाहणं तर नकोच. ओढताना हाड मोडू शकतं. मांडीमागची मोठी नस दबलेली असेल तर उशीर झाल्यावर पाऊल उचलणं कायमचं जाऊ शकतं. खायला-प्यायला काही न देता ॲम्ब्युलन्स बोलवा. एक्स-रे काढून, भूल देऊन सांधा बसवतात. बहुतेकदा चीर न देता. पहिले तीन महिने धोका सर्वांत जास्त, म्हणून खोल सोफा आणि बसका संडास तेवढे दिवस बंद.

प्रश्न : एकदा निखळून बसवला. पुन्हा ऑपरेशन लागेल? (पणजी)

एकदाच निखळला असेल तर बहुधा नाही. वारंवार निखळत असेल तर नुसता बसवून घरी येऊ नका. सीटी स्कॅन करून वाटीचा कोन तपासायला सांगा, आणि दुसरं मत घ्यायचं ते असे सांधे दुरुस्त करणाऱ्या सर्जनचंच.