रात्रीचं जेवण बंद करून आहारशास्त्र शिकवायला निघालात?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आधी वाचकांना थोडक्यात सांगायला हवं. मुलगी बारावी सायन्स, ६१ टक्के. नीट एकदा दिली, जमली नाही. आता नाशिकमध्येच बी.एस्सी. पोषण व आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात ‘मानवी पोषणाची ओळख’ या विषयात लेखीला ४६ गुण पडले आणि प्रॅक्टिकलचं जर्नल मॅडमनी ‘नोंद पुन्हा करा’ असा शेरा मारून परत दिलं. वडिलांचं म्हणणं, पोरगी फी भरून स्वयंपाक शिकतेय. तुमचे प्रश्न तीन: डिग्री सोडून तीन महिन्यांचं ऑनलाइन डाएट सर्टिफिकेट करावं का (फी अठरा हजार), म्हणजे पुढच्या वर्षी हॉलमध्येच क्लिनिक टाकता येईल, की पुन्हा नीट द्यावी, आणि तिचं वजन ६४ किलो असताना लोक तिच्याकडून डाएट घेतील का?

पत्र चार पानांचं आहे. त्यातली अडीच पानं वजनावर खर्च झाली आहेत, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २६ च्या थोडा वर. भारतीयांसाठीच्या निकषांत २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, मान्य. पण त्यावर तुम्ही केलंय काय? दिवाळीपासून तिचं रात्रीचं जेवण बंद, फक्त एक ग्लास ताक. ‘डाएट देणारीच जाड असली तर पाटी वाचून पेशंट परत जातील’ हे तिला पाहुण्यांसमोर ऐकवता, असं तुम्हीच लिहिलंय. बॅगेत बिस्किटांचा पुडा सापडला म्हणून दोन दिवस अबोला धरलात. आणि त्याच पानावर खाली, अगदी सहज लिहावं तसं, की रात्री अभ्यासाला बसली की तिचं डोकं दुखतं, दोन महिने पाळी आलेली नाही, मोबाईल फार बघते ना!

ताई, मोबाईलने पाळी चुकत नाही.

वजन वाढणं आणि पाळी चुकणं या दोन्हींच्या मागे थायरॉईड किंवा पीसीओएस (बीजाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) असू शकतं. पोटाला पुरेसं न मिळाल्यानेही पाळी लांबते. यातलं नेमकं काय ते स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून ठरवतील. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची) या तपासण्यांबद्दल त्यांना आवर्जून विचारा, आणि याच आठवड्यात जा. बिस्किटांच्या पुड्याचं म्हणाल, तर रात्री पोट रिकामं ठेवलेली अठरा वर्षांची मुलगी कॉलेजच्या वाटेवर पुडा घेणारच. जेवण तोडलं की भूक तशीच राहते, फक्त लपून भागवावी लागते. लपून खाण्याची सवय एकदा लागली की ती सोडवणं चार किलो वजन कमी करण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

राहिला पेशंट परत जाण्याचा मुद्दा. डोळ्यांच्या डॉक्टरांना चष्मा आहे म्हणून कुणी त्यांच्या दवाखान्यातून उठून जात नाही. आहारतज्ज्ञाकडे लोक शुगर, किडनी, गरोदरपण, ऑपरेशननंतरचं खाणं घेऊन येतात. तिथे कंबरेचा घेर कुणी मोजत बसत नाही. जे मोजतात त्यांना इन्स्टाग्रामवर भरपूर सल्लागार मिळतात, त्यांच्यामागे लागू नका.

आता जर्नल. पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण पत्रात नसलेलं बरंच त्यात आहे. तिच्या एका दिवसाच्या खाण्याची नोंद अशी: सकाळी चहा १ कप, पोहे १ प्लेट. दुपारी पोळी २, भेंडीची भाजी १ वाटी, वरण १ वाटी. संध्याकाळी चहा. रात्री ताक १ ग्लास. एकूण ऊर्जा १,०८० किलोकॅलरी, कर्बोदकं १५० ग्रॅम, प्रथिनं ५२, स्निग्ध पदार्थ १२, लोह ८ मिलिग्रॅम.

मॅडमनी हे परत का दिलं? पहिलं म्हणजे, माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी शरीर चालवायला काही ऊर्जा लागतेच, तो बीएमआर. या वयाच्या मुलींसाठी तो काढायचं नेहमीचं सूत्र आहे: वजन गुणिले १४.७, अधिक ४९६. ६४ किलोला १,४३७ येतात. भारतीयांसाठी यातून पाच-दहा टक्के कमी धरतात, तरी १,३०० च्या आसपास राहतोच. कॉलेजला जाणाऱ्या, जिने चढणाऱ्या मुलीला याच्या दीडपटीच्या जवळपास लागतं. नोंद १,०८० ची, म्हणजे पडून राहण्याइतकीही नाही. असं पान समोर आलं की शिक्षक दोन शक्यता धरतात: नोंद अपुरी आहे, किंवा मुलगी अर्धपोटी आहे. तुमच्या घरात दोन्ही खरं आहे.

नोंद कुठे अपुरी आहे ते पानावरच दिसतं. तेल कुठेच नाही. पोह्यांची फोडणी, भेंडी परतायचं तेल, पोळीला लावलेलं तेल, सगळं गायब. याला सोपा ताळा आहे. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज २५ मिलिलिटर, म्हणजे साधारण २३ ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या वर किलोकॅलरी. भेंडीत दाण्याचं कूट घालत असाल तर तेही आलं, एका मोठ्या चमच्याला पन्नासच्या वर. शिवाय ‘१ वाटी’ म्हणजे किती? आमटीची वाटी निराळी, श्रीखंडाची निराळी. वाटीत पाणी भरून ते मोजपात्रात ओतायचं आणि मिलिलिटर लिहायचे, मगच ती वाटी जर्नलमध्ये चालते.

दुसरी चूक उलट्या दिशेची आहे आणि पहिल्या वर्षाला सर्रास होते. वरणाच्या एका वाटीसमोर तिने प्रथिनं २२ ग्रॅम लिहिली आहेत. हा आकडा शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते वापरतात ना, त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत, आणि धान्यं-डाळींचे आकडे कच्च्या मालाच्या शंभर ग्रॅमचे. आपल्या घरच्या वाटीभर वरणात डाळ असते २० ते २५ ग्रॅम, बाकी पाणी. म्हणजे प्रथिनं पाचच्या आसपास. ही एक वाटी दुरुस्त केली की ५२ चे ३५ होतात, आणि शिफारशींसाठी प्रमाण धरलेल्या ५५ किलोच्या स्त्रीलाही रोज ४६ ग्रॅम लागतात. ‘प्रोटीन तर भरपूर घेते’ असं तुम्ही त्या आकड्याच्या भरवशावर लिहिलंय. लोहाचंही तेच: प्रौढ स्त्रीसाठी शिफारस रोजची २९ मिलिग्रॅम, पानावर ८. डोकं दुखण्याचा मोबाईलशी संबंध लावण्याआधी हा आकडा बघायला हवा होता.

तिसरं, बेरीज जुळत नाही. कर्बोदकं गुणिले ४, प्रथिनं गुणिले ४, स्निग्ध गुणिले ९: ६०० अधिक २०८ अधिक १०८, झाले ९१६. वर लिहिलेत १,०८०. वरच्या १६४ आल्या कुठून? तंतूंचे (फायबरचे) थोडे धरले तरी एवढे होत नाहीत. रकाने घाईत भरलेत किंवा मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवलेत. पण ज्या घरात ताट मोजलं जातं त्या घरातली मुलगी खाण्याची खरी नोंद करणार नाही, हे मला जास्त पटतं. तिने बिस्किटं लिहिलेली नाहीत, ती लिहिणार कशी?

म्हणून सुचवणं असं: जर्नल पुन्हा करायचंच आहे, तर स्वतःच्या ताटाऐवजी वडिलांच्या ताटाचं करू द्यावं, अशी परवानगी तिने मॅडमकडे मागावी. त्यांना शुगर आहे, गोळी चालू आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार धरायचा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काही शेकड्यांत मिळतो. कणीक भिजवण्याआधी पीठ तोलायचं: ३०० ग्रॅमच्या अकरा पोळ्या झाल्या तर पोळीमागे २७ ग्रॅम. भाजलेली पोळी तोलून पिठाच्या आकड्याने गुणलं तर उत्तर फुगतं. भाताचं तर विचारू नका, तांदूळ शिजून अडीच-तीन पट होतो, चूकही तेवढ्याच पटीने होते. तेलाची बरणी सकाळी एकदा आणि रात्री एकदा तोलायची. मिठाचा एक किलोचा पुडा चौघांना महिनाभर पुरत असेल तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर जातंय, शिफारस पाचच्या आतली आहे. बाहेरचा वडापाव आणि ऑफिसातला चहा त्यांनी प्रामाणिकपणे सांगायचा. तीन दिवसांनी ‘स्वयंपाक शिकतेय’ हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं तर कळवा.

सर्टिफिकेटबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण हा गैरसमज नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत पसरलाय. तीन महिन्यांत उष्मांक मोजायला आणि छापील चार्ट द्यायला शिकता येतं. आजारी माणसाला खायला काय द्यायचं, हे येत नाही. तुमच्या घरातलाच प्रयोग घ्या, रात्रीचं जेवण बंद. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेही माणसाला हाच सल्ला दिला, तर पहाटे त्याची साखर घसरून तो बेशुद्ध पडू शकतो. किडनीच्या रुग्णाला ‘नैसर्गिक आहे, घ्या’ म्हणून शहाळं सांगितलं, तर पोटॅशियम चढून हृदयाचा ठोका बिघडतो. अशा रुग्णाला बटाटासुद्धा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देऊन देतात. का, ते शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकल्याशिवाय समजत नाही. ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ व्हायचं तर बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा, मग रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्यानंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा. शिवाय २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ दोघेही आले आहेत. हा व्यवसाय नोंदणीच्या चौकटीत चाललाय, आणि अशा वेळी डिग्री अर्धवट टाकून सर्टिफिकेटवर पाटी लावणं म्हणजे स्वतःहून दार लावून घेणं. समोरच्या इमारतीतल्या बाई शेकचे डबे विकून चाळीस हजार कमावतात असं तुम्ही लिहिलंय. कमावत असतील. ते कमिशन आहे, त्याला फार तर दुकान म्हणा.

पुन्हा नीट? नको. पत्रात ती कल्पना वडिलांची आहे, मुलीने कुठेच म्हटलेलं नाही.

४६ गुणांचीही फार काळजी नको. हा पहिला पेपर फसवा असतो. नाव ‘ओळख’ असतं म्हणून मुली पाठ करून जातात, आणि प्रश्न विचारला जातो की नागलीत (नाचणीत) शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असूनही ते सगळं अंगाला का लागत नाही, किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर पालेभाजीतल्या लोहाचं काय होतं. धान्यातलं फायटेट आणि चहातलं टॅनिन अंगाला लागण्यात कसं आड येतं, लोहाच्या बाबतीत त्यावर लिंबाचा उपयोग काय, हे कार्यकारणासकट लिहिलं की गुण वाढतात. बारावीला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही होतं, तिला जड जाऊ नये.

क्लिनिकशिवायही काम आहे, आणि जवळच आहे. रुग्णालयांचे आहार विभाग, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची उपाहारगृहं, दिंडोरीकडचे अन्नप्रक्रिया उद्योग. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या अंगणवाड्यांत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला मोजपट्टी लावतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की तीव्र कुपोषण. ते मूल शोधणं, त्याला उपचारापर्यंत आणणं, त्याचं वजन पुन्हा वाढतंय का ते बघणं हेही याच विषयाचं काम आहे. सुट्टीत एखाद्या अंगणवाडीत आठवडाभर जाऊ द्या तिला. वजनकाट्यावर मूल कमी कसं पडतं ते दिसेल.

तर आज रात्री तिला नेहमीचं पूर्ण जेवण वाढा, त्यावर काही न बोलता. डॉक्टरांची वेळ उद्या घ्या. डिग्री सोडण्याचा विषय दुसऱ्या सत्राचा निकाल लागेपर्यंत काढू नका, आणि काढाल तेव्हा ती समोर बसलेली असू द्या, कारण चार पानांत तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. सर्टिफिकेटचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर परत मिळण्याची मुदत पावतीवर बघा.